जुनी फेल्ट टोपी आतून वाचावी कशी

जुनी फेल्टची हॅट हातात आली की माणूस आधी ती डोक्यावर चढवतो आणि मग आरसा शोधतो. मीही तेच करायचो. पहिल्या तीन हॅट्सपैकी दोनींच्या आतल्या चामड्याच्या पट्ट्या मी अशाच फाडल्या. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं चामडं, माझं डोकं ५८ सेंटिमीटरचं आणि हॅट ५६ ची. ‘चर्र’ आवाज आला की समजायचं, गेली.

म्हणून पहिली पायरी अशी: टोपी डोक्यावर घालू नका, उलटी करा. बाहेरून ती जे सांगते त्यात निम्म्या थापा असतात. फीत बदललेली असते, काठ कापलेला असतो, रंग चढवलेला असतो. आतल्या बाजूला मात्र सहसा कोणी हात लावलेला नसतो.

आपल्याकडे सापडतं काय

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या पेट्यांतून निघणारा माल पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा असतो. फेल्टचे तीन प्रकार हाती लागतात.

पहिली रुमी टोपी. रूम म्हणजे तुर्कस्तान. सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये ही टोपी आपल्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर आणली. तुर्कस्तानने १९२५ मध्ये कायदा करून ती उतरवली, पण हैदराबाद संस्थानात ती शेरवानीसोबत पुढेही राहिली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे फोटो आठवा. तहसील, पोलीस, शाळाखातं अशा ठिकाणी नोकरी केलेल्यांच्या घरात ती निघू शकते, आणि ती घरं फक्त मुसलमानांचीच असतील असं धरून चालू नका.

दुसरी साहेबी हॅट. हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या सैन्याच्या, छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत होत्या. १९०३ मध्ये हे सैन्य हिंदी फौजेत विलीन झालं. छावणी, रेल्वे, मिशनचे दवाखाने आणि शाळा या वाटांनी हॅट इकडे आली. आणखी एक वाट आहे. नागसेनवनात शिकलेल्या माझ्या एका मित्राकडे आजोबांची करडी हॅट आहे. आजोबांनी ती का घेतली, हे सांगायला त्यांच्या भिंतीवरचा फोटो पुरेसा आहे: बाबासाहेब, सूट आणि हॅट.

तिसरी काळी टोपी. मास्तर, वकील, कारकून, भिक्षुक, सगळ्यांची. यात मखमली आणि बनाती टोप्याच जास्त. फेल्टची खरी काळी टोपी त्या मानाने कमी सापडते, म्हणून तीच शोधण्यात मजा आहे.

सोला हॅट या यादीत नाही. ती शोल्याच्या झाडाच्या गाभ्याची असते, वर कापड. टिचकी मारली की पोकळ वाजते. भंगारवाला तिलाही ‘साहेब की टोपी’ म्हणूनच देतो. घ्यायची तर घ्या, पण खाली दिलेली वाफ तिला दाखवू नका.

शोधायचं कुठे? आठवडी बाजारात जुन्या सामानाच्या ओळीत, भंगारच्या दुकानात, बोहारणीकडे. बोहारीण हॅटला भांडं देत नाही, पण कोणाच्या घरात ती पडून आहे हे तिला पक्कं माहीत असतं. नाटकवाल्यांच्या ड्रेपरीतही, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या पोशाखांत, पुष्कळ हॅट्स असतात, मात्र तो बहुतेक खलनायकाचा माल: स्वस्त लोकर, सरस लावून कडक केलेली, आत नुसती कापडाची पट्टी. पण अशाच एका ढिगात मला इटालियन हॅट मिळाली. वर्षानुवर्षं ती ‘इन्स्पेक्टर’ म्हणून भाड्याने जात होती.

उलटी केल्यावर काय बघायचं

शब्द आधी ठरवू. वरचा उंच भाग तो माथा, भोवती पसरलेला तो काठ, बाहेरची रिबन ती फीत, आणि आत कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी ती घामपट्टी. संग्राहकाचं सगळं लक्ष या घामपट्टीवर हवं.

घामपट्टीचा सांधा कुठे आहे ते बघा. तिथे बहुधा एक छोटीशी फीतगाठ असते. ती हॅटची मागची बाजू. बाहेरच्या फितीची मोठी गाठ पुरुषांच्या हॅटवर डाव्या कानाच्या बाजूला येते. ती उजवीकडे येत असेल तर तीन शक्यता: तुम्ही हॅट उलट धरली आहे, हॅट बाईची आहे, किंवा फीत कोणीतरी नंतर लावली आहे.

मग घामपट्टी दोन बोटांनी हळूच बाहेर वळवा. चामडं कडकड करत असेल तर तिथेच थांबा, टॉर्च लावून फटीतून बघा. चांगल्या हॅटला घामपट्टी आणि फेल्ट यांच्यामध्ये बारीक वेताची किंवा तारेची कड शिवलेली दिसते. मागे एखादी छोटी कागदी चिठ्ठी असते. तिच्यावर माप आणि कारखान्याचे आकडे. ही चिठ्ठी म्हणजे हॅटचा सातबारा. ती कधीही ओढू नका, फोटो काढा.

त्याच जागी आपल्याकडच्या हॅट्समध्ये आणखी एक गोष्ट हमखास निघते: घडी घातलेल्या वर्तमानपत्राची पट्टी. हॅट सैल होत असे, मग मालक कागद कोंबत. बरेच जण हा कागद कचरा म्हणून फेकतात. फेकू नका. त्याचं काम पुढे सांगतो.

रुमी टोपीत बघायची गोष्ट एकच: शिवण. खरी रुमी टोपी एकसंध फेल्टची असते, गरम साच्यावर वाफेने ओढून बसवलेली. बाजूला किंवा वरच्या चकतीभोवती शिवण दिसली तर ती पुठ्ठ्यावर लाल कापड चढवलेली नाटकातली टोपी आहे. गोंड्यावरून पारख करू नका, गोंडे बदलले जातात. गोंडा जिथे उगवतो तिथे आतून काय बांधलंय ते बघा.

मागच्या बाजूला माथ्यावर बोटाएवढा उंचवटा आला असेल तर हसू नका. माळवदाच्या घरात हॅट खुंटीवर टांगायची पद्धत होती आणि खुंटी वर्षानुवर्षं आतून ढोसत राहायची. परदेशी संग्राहक याला दोष म्हणतील. मी तो काढत नाही.

माप

आधी स्वतःचं डोकं. शिंप्याची टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या वर बोटभर, आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग जिथे आहे तिथून फिरवा. घट्ट ओढू नका. तीनदा मोजा आणि सेंटिमीटरमध्ये लिहा. टेप नसेल तर सुतळी फिरवून पट्टीवर मोजली तरी चालते, फक्त सुतळी ताणली जाते हे ध्यानात ठेवा.

हॅटवरचे आकडे बघून लोक गोंधळतात. सात, सव्वासात हे काय? तो घेर नाही, व्यास आहे, इंचात. डोकं अगदी गोल असतं तर जेवढा व्यास आला असता, तो आकडा. व्यास अष्टमांश इंचाने वाढला की घेर जवळपास एक सेंटिमीटरने वाढतो. म्हणून हिशेब सोपा आहे. अमेरिकन मापात ६ ७/८ म्हणजे ५५ सेंटिमीटर, ७ म्हणजे ५६, ७ १/८ म्हणजे ५७, सव्वासात म्हणजे ५८, ७ ३/८ म्हणजे ५९ आणि साडेसात म्हणजे ६०. साडेसातवाल्या डोक्याला जुन्या बाजारात खरोखरच साडेसाती असते, मोठी मापं फार कमी सापडतात.

आता खोच. इंग्रजी माप अमेरिकन मापापेक्षा अष्टमांशाने कमी लिहितात. लंडनच्या हॅटवर ७ लिहिलं असेल तर ती ५७ ची, फिलाडेल्फियाच्या हॅटवर ७ असेल तर ५६ ची. आपल्याकडे दोन्हीकडचा माल आला आहे, त्यामुळे आकडा वाचण्याआधी देश वाचा.

आणि देश वाचूनही आकड्यावर विश्वास ठेवू नका. फेल्ट आटतं, चामडं त्याहून जास्त. चिठ्ठीवर सव्वासात असलेल्या हॅट्स मी ५६ ला मोजल्या आहेत. आतून मोजायची रीत अशी: लवचिक टेप उभ्या कडेवर धरून घामपट्टीच्या आत, जिथे कपाळ टेकतं त्या उंचीवर फिरवा आणि जिथे टोकं भेटतात तो आकडा घ्या. चामडं नाजूक असेल तर टेप फिरवू नका. हॅटची आतली लांबी आणि रुंदी इंचात घ्या, बेरीज करा, निम्मी करा. आलेला आकडा जवळपास अमेरिकन माप असतो.

कपाळ आणि मागचा भाग रुततो पण कानशिलांवर बोट जातं, असं होत असेल तर माप बरोबर आहे, आकार चुकलाय. तुमचं डोकं लांबट आहे. अशा हॅटला मोठी करायला जाऊ नका. काठ दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने दाबून लंबगोल करा, वाटल्यास थोडी वाफ द्या.

सैल हॅटचा इलाज म्हणजे तीच आजोबांची युक्ती, घामपट्टीमागे घडी. मात्र छापील कागदाऐवजी धुतलेल्या सुती कापडाची. घट्ट हॅट फार तर एक सेंटिमीटर सैल होते, त्यापलीकडे हट्ट धरला तर शिवण सुटते.

लोकर की केस

फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नव्हे. तो नमदा आहे. मेंढीच्या लोकरीचा किंवा ससा, बीव्हर अशा जनावरांच्या बारीक केसांचा. केसावर खवले असतात. गरम पाणी आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत.

केसाळ फेल्ट पातळ, दाट आणि मऊ असतं. काठ हळूच वाकवून सोडला तर घडी न पडता परत येतो. लोकरीचं फेल्ट जाड, थोडं खरखरीत, आणि पावसात भिजलं की आटतं, ढिलं पडतं. शंका असेल तर फितीखालच्या फेल्टमधून सुटलेला एकच तंतू चिमट्यात धरून जाळा. लोकर असो की केस, जळक्या केसांचा वास येईल आणि राख चुरडेल. वितळून कडक मणी झाला तर ते प्लास्टिकचं फेल्ट आहे, हॅट परत द्या.

इथे थोडं गंभीर. केस एकमेकांत नीट अडकावेत म्हणून कारखान्यात ते पाऱ्याच्या द्रावणाने भिजवत. त्या वाफेने टोपीवाल्यांचे हात थरथरायचे, डोकं फिरायचं. अमेरिकेत हे १९४१ मध्ये बंद झालं. त्याआधीच्या, आणि ज्यांचा काळ ठाऊक नाही अशा सगळ्याच केसाळ हॅट्समध्ये पारा आहे असं धरून वागा. हातमोजे घाला, ब्रश करताना तोंडाला मास्क लावा, वाफ ओसरीवर किंवा गच्चीत द्या, स्वयंपाकघरात नाही. लेकरांना फोटोसाठी अशी हॅट घालायला देऊ नका. त्यांना ड्रेपरीतली द्या, हौस तीच भागते.

काळ कसा ओळखायचा

कंपनीचं नाव दिसलं की माणूस हरखतो. स्टेट्सन १८६५ पासूनची, फिलाडेल्फियाची. बोर्सालिनो १८५७ पासूनची, इटलीतल्या अलेस्सांद्रियाची. लंडनची क्रिस्टीज १७७३ पासूनची. पण नाव फक्त घराणं सांगतं, जन्मतारीख नाही. स्टेट्सन तर परवान्यावर अनेक देशांत बनली. दर्जा दाखवायला हॅटवर छापलेले एक्स (X) किती, यावरूनही भुलू नका. एका दशकातले तीन एक्स आणि दुसऱ्या दशकातले तीन एक्स यांचा दर्जा सारखा नाही. मुंबईच्या व्हाइटअवे लेडलॉसारख्या दुकानांचे शिक्के घामपट्टीवर असतात. तो विकणारा झाला, बनवणारा नव्हे.

तारखेसाठी बारक्या खुणा धरा. अमेरिकन हॅटच्या घामपट्टीमागे कामगार संघटनेचं छोटं लेबल असतं. टोपी कामगारांच्या दोन संघटना १९३४ मध्ये एकत्र आल्या, त्यानंतरच्या लेबलवर हॅटसोबत कॅप आणि मिलिनरी हे शब्दही येतात. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरची. भारतीय दुकानाच्या डब्यावर सहा आकडी पिन कोड असेल तर डबा १९७२ नंतरचा. काठाची रुंदी ढोबळ अंदाज देते: चाळीसच्या दशकात अडीच इंचांच्या आसपास, साठच्या दशकात दीड-पावणेदोनवर आलेली, फीतही तशीच बारीक झालेली.

पण आपल्या मातीतल्या खुणा जास्त गोड. डब्यावर किंवा पावतीवर ‘औरंगाबाद (दख्खन)’ लिहिलं असेल तर संस्थानी काळ समोर ठेवा. पावतीवर फसली सन असेल तर त्यात ५९० मिळवा. फसली १३४५ म्हणजे १९३५ च्या ऑक्टोबरपासून पुढचं वर्ष. किंमत ‘हाली’ रुपयांत आहे की ‘कलदार’ रुपयांत तेही बघा. हाली हा संस्थानचा रुपया, सात हाली म्हणजे सहा कलदार. हालीतली पावती असेल तर हॅट बहुधा संस्थानातल्याच दुकानातून घेतलेली. कलदारची असेल तर कोणीतरी मुंबईला जाऊन आलंय, किंवा पार्सल मागवलंय.

आणि ती घामपट्टीमागची कागदाची पट्टी. परभणीच्या एका हॅटमधून मला जाहिरातीचा तुकडा मिळाला, किंमत ‘न. पै.’ मध्ये. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि त्यातला ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४ ला गेला. म्हणजे तो कागद या सात वर्षांतला. ध्यानात घ्या, कागद हॅट कधी बनली ते सांगत नाही, कधी वापरात होती तेवढंच सांगतो. ती हॅट काठावरून चाळीसच्या दशकातली वाटते. मग मधल्या काळात ती सैल का झाली? मालक दुसरा आला असेल. बापाची हॅट लेकाने घातली असेल.

स्वच्छ करणं, आणि मराठवाड्याचा उन्हाळा

नवी आलेली टोपी घरातल्या लोकरी कपड्यांजवळ नेऊ नका. आधी कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, मारायची. टोपी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, हवा काढून, घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्याचा भरवसा नाही. आमच्या गल्लीतला आइस्क्रीमवाला ओळखीचा आहे. पहिल्यांदा पिशवी घेऊन गेलो तेव्हा म्हणाला, ‘काका, मटण असलं तर ठिवणार नाय बरं का.’ बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर दव धरतं आणि पुढे बुरशी.

मग मऊ ब्रश. केसांची लव ज्या दिशेला झोपते त्या दिशेने, काठावर गोल फिरत. काळ्या हॅटचा ब्रश वेगळा, फिकट हॅटचा वेगळा. तेलाचा डाग असेल तर आपली मुलतानी माती. बारीक वस्त्रगाळ करा, डागावर जाड थर द्या, रात्रभर ठेवा, सकाळी झटका. काळ्या फेल्टवर आधी आतल्या बाजूला करून बघा, पांढुरकेपणा मागे राहतो. ज्वारीचं पीठ किंवा मैदा वापरू नका. कसरीला ते जेवायचं आमंत्रण आहे.

चुरगळलेला माथा वाफेने सरळ होतो. किटलीच्या तोंडापासून वीतभर लांब धरा, फेल्ट ओलसर-गरम झालं की बोटांच्या पोटाने आकार द्या आणि गार होऊ द्या. वाफ घामपट्टीला लागू देऊ नका. माझ्याकडून एकदा लागली. चामडं डोळ्यांदेखत आक्रसलं, पापड भाजल्यासारखं, आणि पूर्ण गोलाकार दोन मापांनी लहान झाला. त्यावर उपाय नाही.

हॅट उचलताना समोरची चिमट दोन बोटांत धरायची सवय सिनेमाने लावली. तिथेच फेल्ट फाटतं. दोन्ही हातांनी काठाला धरा.

ठेवायची कुठे? मे महिन्यात पत्र्याखालची लोखंडी पेटी म्हणजे भट्टी, तिथे नाही. माळ्यावर नाही. भिंतीच्या कोनाड्यात, उन्हापासून लांब, माथ्यावर उलटी टेकवून किंवा पालथ्या डब्यावर सुलटी, काठाला कशाचाही आधार न देता. डांबरगोळ्या चामड्याला आणि फितीला चिकटू देऊ नका. मी वेखंडाची पुरचुंडी आणि सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवतो. पण पाल्यावर विसंबून राहू नका, पावसाळ्यात महिन्याला एकदा टोपी काढून बघणं हेच खरं औषध आहे.

घेताना

माझी रीत साधी असते. घामपट्टी अखंड असेल तर थोडे जास्त पैसे देतो. फेल्टला कसरीची आरपार भोकं असतील तर नाव कोणतंही असो, सोडून देतो. वरवरची चावलेली लव चालते. ऑनलाइन घेताना आतल्या पट्टीचा, सांध्याचा आणि कागदी चिठ्ठीचा फोटो मागा, आणि लांबी-रुंदी मोजून मागा. एकदा मी फक्त सोनेरी शिक्का बघून पैसे पाठवले. शिक्का खरा होता. घामपट्टी दुसऱ्या हॅटची होती, गोंदाने चिकटवलेली.

घरच्या माणसांकडून घेताना किमतीआधी दोन प्रश्न विचारा: ही कोणाची, आणि ते काय काम करायचे. उत्तर लगेच लिहून घ्या, कारण पुढच्या पिढीला ते सांगता येणार नाही. वहीत प्रत्येक टोपीला नंबर, मोजलेलं माप, चिठ्ठीवरचं माप, कुठून आली, आत काय निघालं. टोपीवर काही लिहू नका. नंबराची चिठ्ठी सुती दोऱ्याने घामपट्टीत सैल अडकवा, पेन्सिलने लिहिलेली.

परभणीच्या त्या हॅटला माझ्या वहीत अकरा नंबर आहे. तिच्यापुढे एवढंच आहे: ‘चिठ्ठी ७ १/४, मोजून ५७. डब्याशिवाय. खुंटीचा उंचवटा आहे. न. पै. चा कागद परत होता तिथे ठेवला.’